पुनर्वसन की पुनर्विकास?

वडाळकर: वस्तीतल्या सभेच्या नोटिशीत एकाच योजनेला वर 'पुनर्विकास' आणि खाली 'पुनर्वसन' म्हटलंय. दोन्ही शब्द एकच धरायचे का?

परळकर: नाही. 'इमारतीचा पुनर्विकास' चालतं, 'इमारतीचं पुनर्वसन' खटकतं. विकास जागेचा होतो, वसवायचं माणसांना. १९७१च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावात सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास आहे, पुनर्वसन नाही. ते १९९५च्या दुरुस्तीनंतर आलं, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाबरोबर.

गोवंडीकर: आणि तेही सगळ्या वस्तीचं नव्हे, फक्त 'पात्र' झोपडीधारकांचं! हाच खरा कळीचा शब्द. १ जानेवारी २०००पर्यंतची झोपडी असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११पर्यंतची असेल तर सशुल्क, अडीच लाखांत. पोटमाळ्यावर राहणारं कुटुंब साधारणपणे वेगळं धरलं जात नाही. वस्ती पाडताना तेही उठतं, पण कागदावर त्याचं पुनर्वसन नसतं.

पात्र-अपात्र ठरतं ते परिशिष्ट-२मध्ये. ही यादी सक्षम प्राधिकारी काढतो, बिल्डर नव्हे. प्रारूप यादी लागली की नुसतं नाव आहे का एवढंच बघू नका, झोपडी क्रमांक आणि शेरा वाचा. घोळ बहुधा नावात होतो: मतदार यादीत एक, आधारवर दुसरं. तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, जुन्या मतदार यादीचा उतारा आणि वीजबिल जोडून मुदतीतच लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी आश्वासनावर घर खाली करू नका.

माहीमकर: मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, चाळींकडे शब्द आणखी वेगळे. तिथे घर खाली केलेल्यांना तात्पुरतं ठेवतात ते 'संक्रमण शिबिर', बोलताना नुसतं 'ट्रान्झिट'. नाव तात्पुरतं असलं तरी कित्येक कुटुंबांच्या पिढ्या तिथे गेल्या. ज्यांच्या मूळ जागी परत इमारत होऊ शकत नाही, किंवा झाली तरी गाळे कमी पडतात, अशांना कायमचं घर देण्यासाठी म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, 'बृहतसूची' असते. लोक मास्टर लिस्ट म्हणतात. तिच्यात नाव लागायला मूळ खोलीच्या भाडेपावत्या आणि घर खाली करण्याची नोटीस लागते, त्या टाकून देऊ नका.

परळकर: वडाळकर, नोटिशीत 'पुनर्वसन' असेल तिथे सभेत एवढंच विचारा: कोणाचं, आणि परिशिष्ट-२ लागलंय का?