पहिले परदेशी पार्सल : कोकणातल्या लघुउद्योजकांचे अनुभव

आपल्याकडच्या लहान कारखान्यांचा माल बहुतेक वेळा मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फतच परदेशी गेला. आता आयात-निर्यात कोड, म्हणजे परदेशी व्यापारासाठी लागणारा सरकारी क्रमांक, घरबसल्या ५०० रुपयांत निघतो. ज्यांनी स्वतःच्या नावावर माल पाठवून पाहिला, त्यांनी अनुभव तपशिलासह लिहावेत, ही विनंती.

वेंगुर्ले, काजू

वडिलांच्या काळात गराची प्रतवारी कामगार बायकांच्या नजरेवर चाले आणि दलालाला ती पुरत असे. ऑनलाइन भेटलेल्या आखातातील खरेदीदाराने मात्र थेट 'डब्ल्यू ३२०' मागितला, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. आमच्या नमुन्यात डागी गर आणि पाकळ्या (फुटून दोन झालेले गर) निघाल्या व व्यवहार तिथेच थांबला. पुढे कर्ज काढून कलर सॉर्टर बसवला. त्यातला कॅमेरा प्रत्येक गराचा रंग टिपतो आणि डागी गर हवेच्या झोताने बाजूला पडतो. त्या बायका आजही आमच्याकडेच आहेत; साल राहिलेला गर त्या हातानेच सोलतात आणि प्रत्येक घाण्याचा ओलावा मोजून वहीत लिहितात. तो ५ टक्क्यांच्या आत राहिला नाही, तर गर मऊ पडून वाटेत खराब होतो. आईला हे दाताखाली गर धरून कळे, पण खरेदीदाराला आकडा हवा असतो. दुसऱ्या खेपेला ऑर्डर मिळाली ती यंत्राइतकीच या वहीमुळे, असे मला मनापासून वाटते.

मालवण, कोकम

आमसुले विकताना बिया टाकून देत होतो. टाचांच्या भेगांना आजी याच बियांचे जे मुठेल, म्हणजे घट्ट तेल, लावायची, तेच परदेशात साबण आणि क्रीम बनवणारे 'कोकम बटर' म्हणून घेतात, हे एका विक्रीसंकेतस्थळावर पाहिले तेव्हा खरोखर हळहळ वाटली. त्यांनी लेबलवर 'गार्सिनिया इंडिका' हे शास्त्रीय नाव आणि प्रत्येक घाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. अहवालाचा खर्च एकट्याला जड जातो, म्हणून आम्ही तीन घरांनी बिया एकत्र करून एकच घाणा काढला.

सावंतवाडी, गंजिफा

गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ; त्याच्या दशावतारी संचात १२० गोल पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता हाताने रंगवावा लागतो. पहिल्या पार्सलवर आम्ही नुसते 'हस्तकला वस्तू' लिहिले, त्यामुळे ते परदेशी कस्टममध्ये अडकले. आता 'खेळायचे पत्ते, हाताने रंगवलेले' असे लिहून ९५०४४० हा वर्गीकरण क्रमांक घालतो आणि रंगकामाचा व्हिडिओ ग्राहकाला आधीच पाठवतो. त्या व्हिडिओनंतर किमतीवरून घासाघीस जवळपास थांबली.

कुडाळ, बांबूचे दिवे

आमचे ग्राहक मुख्यतः अमेरिकेतले. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची करमाफी बंद झाली आणि तयार दिवे माळ्यावर राहिले. किमतीतच कर धरून विकणारे इथे कोणी असतील, तर त्यांनी आपला हिशेब कृपया मांडावा.