मदत हवी आहे : आण्णाची मानसिक तपासणी त्याला कळेल अशा भाषेत व्हावी, यासाठी कोर्टात काय मागायचं?

निपाणीकडचा

नमस्कार. आमचं गाव निपाणी तालुक्यात आहे. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, सध्या न्यायालयीन कोठडीत आहे. त्यानं शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लावली. ती विझवताना शेजाऱ्यांच्या मुलाचे दोन्ही हात भाजले. तो पोरगा आमच्याच अंगणात खेळून मोठा झालाय. त्याच्या दवाखान्याचा खर्च आम्ही उचललाय, पुढचाही उचलू. हे आधीच सांगतो, कारण आण्णानं काही केलंच नाही असं माझं म्हणणं नाही.

आण्णाला स्किझोफ्रेनिया आहे. कोल्हापुरातल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे बरीच वर्षं उपचार चालू होते. गोळ्या चालू असताना तो तंबाखूच्या वखारीत कामाला जायचा, घर बघायचा. मग "आता मला बरं वाटतंय" म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी झोप गेली. रात्रभर ओसरीवर बसून असायचा. गंजीत तार पुरलीय आणि त्या तारेतून माझा आवाज ओढून घेतात, असं सांगायचा. मोबाइल ओल्या फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल दाबून ठेवायचा, आणि वहिनी भाकरी करायला बसली की आधी तो डबा तिच्यापासून लांब सरकवायचा. आग लावल्यावर तो पळाला नाही. बांधावर बसून राहिला. लोक धावत आले तेव्हा "आता बंद झाला आवाज" एवढंच म्हणाला.

दोषारोपपत्र दाखल झालंय, आरोप अजून निश्चित झालेले नाहीत. आमच्या वकिलांच्या अर्जावरून त्याची सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. अहवालात लिहिलंय : प्रश्नांना सुसंगत उत्तरं देत नाही, सहकार्य करत नाही, ठळक मनोविकाराची लक्षणं दिसत नाहीत, खटल्याला सामोरं जाण्यास सक्षम.

आता ही तपासणी कशी झाली ते सांगतो. आण्णा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला. कानडी त्याला बाजारापुरतं येतं : भाव, वजन, एसटीचं तिकीट. डॉक्टर माणूस चांगला होता, घाई केली नाही, पण त्यांना मराठी येत नव्हतं. मध्ये बोलायला सोबत आलेला पोलीस शिपाई. डॉक्टरांनी एक म्हण विचारली, तिचा अर्थ सांग म्हणाले. शिपायानं ती अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत सांगितली. आण्णा गप्प. आवाज ऐकू येतात का, या प्रश्नाला तो "हो, येतात की" म्हणाला. शिपायानं त्याला ऐकू नीट येतं, कानाचा काही त्रास नाही, असं सांगितलं. मी दारात उभा राहून हे ऐकलं. बोलायला गेलो तर मला बाहेर थांबायला सांगितलं.

वकीलसाहेब आता म्हणतात, कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून "वेडसर असल्याचा दाखला" आणा. ते डॉक्टर म्हणतात, मी घटनेच्या आधी कित्येक महिने त्याला बघितलेलं नाही, त्या दिवशीचं मी कसं लिहून देऊ? दोघांचंही मला पटतं आणि मी मधल्या मध्ये अडकलोय. तपासणी मराठीतून पुन्हा व्हावी असं मागता येतं का? कोणापुढे? कोल्हापूरचे कागद कर्नाटकातल्या कोर्टात चालतात का?

एक विनंती. सीमाप्रश्नावरचा वाद कृपा करून या धाग्यावर नको. त्यासाठी दुसरे धागे आहेत. मला माझा भाऊ काय बोलतोय ते डॉक्टरांपर्यंत पोचवायचंय, बस्स.

मिरजेचा मनोविकारतज्ज्ञ

दादा, तुमच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. त्यांना असा दाखला मागूच नका. कोर्टापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते कायम एकात एक मिसळतात. पहिला : आग लावली त्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती? दुसरा : आज त्याला आरोप समजतो का, वकिलाला आपली बाजू सांगता येते का? तुमच्या हातातला अहवाल फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिला प्रश्न त्यानं मिटत नाही. आज सक्षम ठरलेला माणूस त्या दिवशी पूर्ण भ्रमात असू शकतो, आणि उलटही होऊ शकतं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांचं काम साक्षीदाराचं आहे. निदान काय होतं, कधीपासून, कोणती औषधं, गोळ्या सुटल्या की पूर्वी काय व्हायचं, एवढं त्यांनी केसपेपरवरून सांगायचं. उपचार करणाऱ्या डॉक्टरानं तपासणी करणारा तज्ज्ञ होऊ नये, आमच्या व्यवसायात हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो. रुग्ण आपल्या डॉक्टरला विश्वासानं सांगतो. कोर्टासाठी तपासणारा डॉक्टर मात्र सुरुवातीलाच सांगतो की तू बोलशील ते कोर्टात जाणार आहे. हे आण्णांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलं होतं का, तेही विचारून घ्या.

भाषेबद्दल. म्हणीचा अर्थ विचारणं ही जुनी, मान्य पद्धत आहे, अमूर्त विचार करता येतो का ते त्यातून बघतात. पण म्हण रुग्णाच्या कानावरून लहानपणापासून गेलेली असली तरच त्या उत्तराला किंमत. नाहीतर आपण आजार न तपासता त्याचं कानडी तपासतो. आणि "आवाज येतात का" हा प्रश्न चुकीचा पोचला असेल तर अख्ख्या तपासणीचा कणाच मोडला. आमच्याकडे क्ष-किरण नसतो, रुग्णाचं बोलणं हाच पुरावा. त्याचे नेमके शब्द अहवालात अवतरणात उतरवायचे असतात. पोलीस शिपायाला दुभाषी करणं तर अजिबात योग्य नाही. ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याच तोंडून रुग्ण मनातलं कसं सांगेल?

एका बैठकीवर समाधान मानू नका. रुग्णालयात दाखल करून काही दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याची मागणी करा. झोप, खाणं, एकट्यानं बोलणं, इतर रुग्णांशी वागणं याच्या नोंदी परिचारिका ठेवतात. सोंग असेल तर ते त्यात टिकत नाही, आजार असेल तर लपत नाही. धारवाडची डिमहान्स तुमच्या भागाला जवळची सरकारी मनोविकार संस्था आहे, बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राची, म्हणजे कोर्टाच्या कामासाठी मनोविकार तपासण्याची, सोय आहे.

आणि कळकळीनं सांगतो, काय बोलायचं ते आण्णांना कोणीही शिकवू नका. पढवलेलं एक वाक्य सापडलं की खऱ्या दहा लक्षणांवरचाही विश्वास उडतो.

खानापूरची लेक

भाऊ, आमच्या घरी धाकट्या भावाचं असंच झालं होतं, म्हणून लिहिते. औषधांच्या दुकानातून जुन्या बिलांच्या प्रती मिळतात का बघा. गोळ्या कधीपर्यंत घेतल्या आणि कधी थांबल्या हे आमच्याकडे त्या बिलांवरूनच कळलं. वखारीतल्या मुकादमांना विचारा, तो कामावर यायचा कधी बंद झाला, काय बोलायचा. पिठाच्या डब्यातल्या मोबाइलचं वहिनींनीच सांगावं. वहिनींनी रोज बघितलंय, त्यांच्या तोंडून ते वेगळं उतरतं.

तुरुंगात त्यांना गोळ्या मिळतायत का? ते आधी बघा. आम्ही कागदांच्या मागे धावत राहिलो आणि भाऊ आत वाळत गेला. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०३ मध्ये आजारी कैद्यांना उपचारासाठी हलवण्याची तरतूद आहे. आम्ही तुरुंग अधीक्षकांना अर्ज दिला, त्याची पोच घेतली, आणि ती पोच कोर्टात दाखवल्यावर हालचाल झाली. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

बेळगावचा वकील

उशिरा लिहितोय, सुनावण्या होत्या. वरच्या डॉक्टरसाहेबांनी दोन प्रश्नांची जी फोड केली तीच कायद्यातही आहे.

आजच्या सक्षमतेचा भाग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३६७ आणि ३६८ मध्ये येतो. चौकशीच्या टप्प्यावर ३६७, खटला सुरू झाला की ३६८. मनोविकारतज्ज्ञाच्या अहवालानं आरोपीवर अन्याय झाला असं वाटलं तर याच कलमांत वैद्यकीय मंडळाकडे अपिलाची सोय आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचे प्रमुख आणि जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले मनोविकारशास्त्राचे अध्यापक, असं ते मंडळ. तुमच्या वकिलांनी हा रस्ता घ्यावा. अर्जात भाषेचा मुद्दा भावनेनं मांडू नका, घडलं तसं मांडा : दुभाषी कोण होता, प्रश्न काय, उत्तर काय, शिपायानं सांगितलं काय. तुम्ही दारात ऐकलंय, तुमचं प्रतिज्ञापत्र जोडा. मागणी एकच ठेवा, मराठी जाणणारा तज्ज्ञ किंवा पोलिसांशी संबंध नसलेला दुभाषी. याला आधार आहे. साक्षीपुरावा आरोपीला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावा लागतो हे फौजदारी प्रक्रियेतलं जुनं तत्त्व आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ४ मध्येही निर्णयक्षमता ठरवताना माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत द्यायला सांगितलंय.

घटनेच्या वेळच्या मनःस्थितीचा भाग भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ८४. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, घटना त्याआधीची असेल तर जुनंच कलम लागेल. नुसता आजार असून भागत नाही. त्या आजारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, बेकायदेशीर आहे, हे कळण्याची क्षमता त्या क्षणी नव्हती, असं दाखवावं लागतं. सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो, पण सरकार पक्षाइतका कडक नाही, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं. डाह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली सांगितलं की घटनेच्या आधीची, घटनेवेळची आणि नंतरची परिस्थिती बघून त्या वेळची मनःस्थिती ठरवायची. म्हणून ताईंनी सांगितलेली बिलं, मुकादम, वहिनी हे सगळं मोलाचं आहे.

रतनलाल विरुद्ध मध्य प्रदेश सरकार हा निवाडा तुमच्या वकिलांना जरूर दाखवा, ए.आय.आर. या निवाड्यांच्या संग्रहात १९७१ च्या खंडात छापलेला आहे. त्यातही खळ्यातल्या गवताला आग लावली होती. पकडल्यावर त्या माणसानं "मी जाळलं, काय करायचं ते करा" असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. वैद्यकीय अहवाल आणि घरच्यांच्या साक्षी, दोन्ही तिथे उपयोगी पडल्या. तुमचे आण्णाही पळाले नाहीत.

कोल्हापूरचे कागद इथे चालतात, राज्याची हद्द आडवी येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आपल्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. आण्णांच्या सहीनं अर्ज द्या. जमलं नाही तर कोर्टाकडून डॉक्टरांना कागदांसह समन्स काढून घ्या. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. काडेपेटीशिवाय आणखी काही वापरलं होतं का?

निपाणीकडचा

साहेब, रागाचं काय त्यात. हो. डिझेल वापरलं होतं. सकाळी बाटलीतून आणून ठेवलेलं. दोषारोपपत्रात त्यावरच भर आहे, ठरवून केलं म्हणून. मी मुद्दाम लपवलं नव्हतं, पण लिहायला हात धजला नाही.

गोळ्यांचं ताई, काल भेटीत विचारलं. मिळतायत, पण रोज नाही असं आण्णा म्हणाला. अर्ज लिहून ठेवलाय, उद्याच देतो आणि पोच घेतो.

मिरजेचा मनोविकारतज्ज्ञ

डिझेलबद्दल. भ्रमात असलेला माणूस तयारी करू शकतो. तार जाळायची असं ज्याच्या मनानं पक्कं घेतलंय तो डिझेल आणणारच. तयारी दिसली म्हणजे आजार नव्हता असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. कोर्टात मात्र हा मुद्दा जड जातो, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांना तो आपणच सांगावा. तो गाळून लिहिलेला अहवाल उलटतपासणीत उभा राहत नाही.

निपाणीकडचा

सांगतो डॉक्टरसाहेब. वकीलसाहेब, शेवटचं एक. त्याला आत ठेवण्यापेक्षा घरी ठेवून उपचार करता येतील का? आई रोज विचारते. आणि कोर्टानं सोडलंच तर औषधोपचार कोल्हापूरला चालेल का? ते आम्हाला तासाभराच्या वाटेवर आहे, धारवाड कितीतरी लांब पडतं.

बेळगावचा वकील

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९ बघा. मंडळानं आण्णा खटल्याला सामोरं जायला सक्षम नाहीत असं सांगितलं, आणि दाखल करून उपचारांची गरज नसेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, कोर्ट जामिनावर सोडतं. त्यासाठी नातेवाइकानं हमी द्यायची : जवळच्या ठिकाणी नियमित बाह्यरुग्ण उपचार घेईन, आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही हे बघेन. ही हमी देणाऱ्यानं घरात राहणारं असावं, शेतावर दिवसभर असणारं नको. तुम्हा भावंडांत कोण ते आधी ठरवा. मंडळानंही सक्षमच म्हटलं तर हे कलम मिळणार नाही, मग त्याच संहितेच्या कलम ४८० खाली आजारी असल्याच्या कारणावरून नेहमीचा जामीन अर्ज करावा लागेल.

कोल्हापूरचं असं आहे. कायद्यात "जवळचं" उपचारकेंद्र आहे, राज्याचं नाव नाही. पण जामिनात जिल्ह्याबाहेर जाऊ नये अशी अट बऱ्याचदा पडते. म्हणून अर्जातच लिहा की आधीचे उपचार कोल्हापुरात झालेत, अंतर इतकं आहे, डॉक्टरांना त्याची भाषा आणि आजार दोन्ही माहीत आहेत, तरी ठरलेल्या तारखांना तिथे जायची परवानगी द्यावी. त्या डॉक्टरांचं, पुन्हा उपचार करायला तयार असल्याचं पत्र सोबत जोडा. हे पत्र ते आनंदानं देतील. शेजाऱ्यांचं घर लागून आहे, तेव्हा त्यांच्या मुलाच्या उपचारांचा खर्च तुम्ही केलाय त्या पावत्याही जोडा, आणि शक्य असेल तर अर्ज द्यायच्या आधी त्यांच्याशी जाऊन बोला.

निपाणीकडचा

आज संध्याकाळी वहिनी आणि मी त्यांच्याकडे जातोय. हमी वहिनी देणार आहे, ती घरातच शिलाई करते. अपिलाचा अर्ज तयार झाला की त्यातला दुभाष्याचा भाग इथे टाकतो, नाव-गाव काढून. तुम्ही दोघांनी एकदा नजर टाकावी.