मदत हवी आहे: पेरूत आधी कुस्को की आधी उरुबांबा?

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पेरूला जातोय, गाइडसोबतची टूर आहे. लिमाहून विमानाने थेट कुस्को, म्हणजे सुमारे ३,४०० मीटर, आणि दुसऱ्याच दिवशी साक्सायवामानची (कुस्कोच्या वरचा इंका किल्ला) चढण! लेहला आई हॉटेलच्या तिसऱ्या पायरीवरच डोकं धरून बसली होती, त्यामुळे उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासाची धास्ती आहे. माचू पिचू २,४३० मीटरवर, त्याची काळजी नाही. पहिल्या दोन रात्री कुस्कोपेक्षा खाली असलेल्या उरुबांबाच्या दरीत काढून कुस्को शेवटी ठेवलं तर? कोणी असं केलंय का?

बाबांना कोल्का दरीतले काँडोर (मोठी गिधाडं) बघायचेत, पण आरेकिपा शहराहून तिकडे जाताना घाट ४,९०० मीटरपर्यंत चढतो म्हणे. साठी उलटलेल्यांना झेपतं का? आणि कोकाच्या पानांच्या चहाने खरंच फरक पडतो का?