अनुभव धागा : न पाहिलेल्या संकटांचा वारसा

बहात्तरच्या दुष्काळाला पन्नास वर्षं उलटली, गिरणी संपाला चाळीस, किल्लारीच्या भूकंपाला तीस. ज्यांनी हे सोसलं त्यांतले बरेच जण आता नाहीत. पण त्यांच्या घरात वाढलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या अंगात ते दिवस मुरलेले आहेत. कुणाला पानात टाकलेलं अन्न बघवत नाही, कुणाला रात्री दाराला आतून कडी लावायची भीती वाटते, घरात कुणाचा आवाज चढला की कुणाच्या पोटात गोळा येतो. आपल्या घरात असं काय आलं, ते हलकं कशानं झालं, आणि त्यातूनच हाती लागलेलं काही शहाणपण आज उपयोगी पडतं का, ते लिहा. नाव नको, गाव आणि थोडी पार्श्वभूमी पुरे. सल्ले नकोत. सुरुवात मीच करते.

बीड जिल्हा, सध्या पुणे

आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नसे. ताट चाटूनपुसून स्वच्छ होईपर्यंत आई शेजारून हलायची नाही. पोट भरलं म्हटलं तरी भाकरीचा शेवटचा तुकडा ती आमच्या तोंडात कोंबायची, आणि तिचे डोळे तेव्हा रागावलेले नसायचे, घाबरलेले असायचे. ती भीती कसली हे मला फार उशिरा कळलं. बहात्तर साली आई तान्ही होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पोरीला झाडाखाली झोळीत टाकून. दूध आटलं होतं. मजुरांना मिळणारी सुकडी पाण्यात कालवून ती बोटानं आईला चाटवायची. रेशनवर अमेरिकेची मिलो यायची, लाल ज्वारी. "तिची भाकरी गिळवत नव्हती, पण गिळली," एवढंच आजी म्हणायची.

मला मुलगी झाली तेव्हा आई तिलाही तसंच भरवायला लागली. मी ओरडले नाही. आईसमोर आजीला सगळं विचारलं. आईनं ते पहिल्यांदाच सविस्तर ऐकलं आणि पदर तोंडाला लावून खूप रडली. आता ती नातीला विचारते, "पुरे का गं?" हे तीनच शब्द, पण आमच्या तीन पिढ्यांत ते कुणी कुणाला विचारले नव्हते.

आणि आजीचं ज्ञान! तरोटा, घोळ, कुर्डू, पाथरी. पहिला पाऊस पडला की बांधावर काय उगवतं आणि त्यातलं कुठलं कोवळं असतानाच खुडायचं, हे तिला तोंडपाठ. दुष्काळानं तिला हे शिकवलं. ती भाजी मी आवडीनं करते, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून.

वरील अनुभवाला उत्तर, नगर जिल्हा, वय सत्तरीच्या पुढे

बाई, मी स्वतः त्या कामावर होतो. आम्ही पोरांना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही. सगळ्या गावाचं तेच होतं. पण एक लिहितो. दुपारी बायका गोल करून बसायच्या आणि सगळ्यांच्या भाकरी एका फडक्यावर ठेवायच्या. जिची नसेल तिलाही त्यातलीच. कुणाची किती हे कुणी मोजलं नाही. तुमच्या आजींना हे आठवत असेल, जरूर विचारा. नुसती उपासमार सांगून ती गोष्ट पुरी होत नाही.

औसा तालुका, शिक्षक

माझं नाव माझ्या भावाचं आहे. तो किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेला, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. तेच अंगावर आलं. आजीही त्यातच गेली. मी तीन वर्षांनी जन्मलो आणि घरात तेच नाव पुन्हा ठेवलं गेलं.

लहानपणी आई मला हाक मारून मध्येच गप्प व्हायची. माझ्या वाढदिवसाला घरात गोड व्हायचं, पण खायचं कुणी नाही. मी वर्गात पहिला आलो तरी आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटायचं. पुनर्वसनात मिळालेलं पक्कं घर आहे, पण वडील आजही उन्हाळा असो वा थंडी, बाहेर पत्र्याच्या शेडमध्येच झोपतात. आमच्या नव्या गावात असे बरेच आहेत. बाहेरचा माणूस याला हट्ट म्हणतो. मी म्हणत नाही.

बदल एका साध्या प्रश्नानं झाला. भाऊ कसा गेला हे मला पाठ होतं. मी आईला विचारलं, तो होता कसा? आधी ती काहीच बोलली नाही, चुलीपुढची राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "लई द्वाड." गुळाच्या डब्यात हात घालायचा, शेळीला घाबरायचा, झोपताना आजीचा कान धरून झोपायचा. त्या संध्याकाळी ती हसत होती. मला वाटतं, मला भाऊ त्या दिवशी मिळाला. तोवर नुसतं त्याचं नाव होतं.

आता अनंत चतुर्दशीला आम्ही रात्र जागवतो, पण अंधारात बसून नाही. आसपासची चार घरं एकत्र येतात, चहा होतो, गेलेल्यांचे किस्से निघतात. वडिलांनी कुणाकुणाला हातांनी माती उपसून बाहेर काढलं हेही मला अशाच एका रात्री दुसऱ्याकडून कळलं. त्यातला एक माणूस आज आमच्याकडे चहाला असतो. मी मुलांना भूगोलात भूकंप शिकवतो, तेव्हा घराच्या भिंतीला लिंटलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या लगेच वरच्या, पातळीवर पट्टा का हवा आणि छत हलकं का हवं, हे फळ्यावर काढून दाखवतोच. अभ्यासक्रमात असो नसो.

उल्हासनगर

आजोबा सिंधमधून आले ते कल्याणच्या छावणीत. तिचंच १९४९ साली उल्हासनगर झालं. आमच्याकडे सगळे कागद एका पिशवीत, पिशवी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहानात लहान मुलालाही ठाऊक असलंच पाहिजे, असा नियम. लहानपणी मला त्या पिशवीची धास्ती वाटायची; ती दिसली की आपल्याला निघायचंय असं वाटायचं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी वस्तीत घुसलं. शेजारपाजारच्यांचे दाखले भिजून गेले, आमचे वाचले. तेव्हापासून धास्ती गेली. नियम मी चालू ठेवलाय, फक्त मुलांना कारण सांगून.

लालबाग, आता डोंबिवली

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वडील कापड गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरी वडील प्यायला लागले, मग मारायला लागले. संपाआधी ते भजनात पखवाज वाजवायचे असं सगळे सांगतात. मी तो पखवाज ऐकलेला नाही.

त्यांच्यावर काय कोसळलं ते मला समजतं. तरीही त्यांचे आभार मी मानणार नाही, आणि ते न मानताही मी बरी होऊ शकते, हे इथे कुणीतरी लिहायला हवं. माझी कृतज्ञता आईला, जिनं दोन स्टोव्हवर वीस जणांची खानावळ चालवली. आणि समोरच्या खोलीतल्या वहिनींना. आरडाओरडा सुरू झाला की त्या दारात येऊन मोठ्यानं म्हणायच्या, "पोरींना जरा पाठवा, डाळ निवडायची आहे." डाळ निवडलेलीच असायची. आम्ही ती पुन्हा निवडायचो.

पुढे भावानंही बाटली धरली तेव्हा मी दारुड्यांच्या कुटुंबीयांच्या अल-अनॉन गटात जायला लागले. कुणाची दारू मी सोडवू शकत नाही, हे तिथे बसून बसून पटलं. झोप लागायला लागली. माझ्या इमारतीत एका घरातून तसे आवाज येतात. मी बेल वाजवते आणि तिथल्या मुलीला कोथिंबीर निवडायला बोलावते.

यवतमाळ जिल्हा

लालबागच्या ताई, तुमचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. मी नववीत असताना बाबांनी फवारणीचं विषारी औषध घेतलं. कापूस गेला होता, कर्ज होतं. त्यानंतर भाऊ शेतातून यायला जरा उशीर झाला की आई फाटकाशी उभी. तिचं बघून मीही. लग्न झाल्यावर नवऱ्यानं फोन उचलला नाही की माझे हात गार पडायचे. गावच्या आशाताईंनी १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर दिला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्या वेळी मी फक्त रडले, पलीकडची बाई थांबून राहिली.

पण आईचं म्हणाल तर तिला बोलण्यापेक्षा सातबाऱ्यानं जास्त बरं केलं. वारस म्हणून तिचं नाव चढलं, तिनं कागद दोन्ही हातांत धरून वाचला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बियाणं आणायला गेली. यंदा तिनं कापसात तूर जास्त घेतली, कर्ज कमी काढलं. सगळं कपाशीवर लावायचं नाही, हे बाबांच्या वहीतल्या हिशोबावरून तिनंच ठरवलं.

ज्या बायकांचं नाव अजून लागलेलं नाही त्यांच्यासाठी : वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं. अर्जाची पोच घ्याच. अर्ज लिहायला अडत असेल तर खाली सांगा, मी लिहून देईन.