मदत हवी आहे: गिनी पिगला अमॉक्सिसिलिन दिलेलं चालतं का?

माझी गिनी पिग भुरी दोन वर्षांची आहे, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. आधी नुसत्या शिंका होत्या. आता नाकाशी पांढरट खपली धरते आणि तिला कानाजवळ धरलं की श्वासात बारीक घरघर ऐकू येते. खाते, पण नेहमीसारखी गवतावर तुटून पडत नाही. आज डॉक्टरांना दाखवलं. त्यांच्याकडे मुख्यतः कुत्री आणि मांजरं येतात. छाती तपासून ते म्हणाले की श्वसनमार्गात संसर्ग आहे, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं पातळ औषध दिवसातून दोनदा, आठवडाभर तोंडावाटे द्यायला सांगितलं.

घरी येऊन बाटलीवरचं नाव वाचलं आणि धस्स झालं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं गिनी पिगला सोसत नाहीत असं पूर्वी कुठेतरी वाचलेलं. अजून एक थेंबही दिलेला नाही. दवाखाना आता सकाळीच उघडेल.

ही भीती खरी आहे का? डोस अर्धा केला किंवा सोबत प्रोबायोटिक दिलं तर चालेल का? आणि औषध दिलंच नाही तर रात्रीत न्यूमोनिया वाढेल ही दुसरी धास्ती. डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही, त्यांनी तिला फार मायेने हाताळलं. ज्यांनी गिनी पिग पाळले आहेत त्यांनी कृपया लवकर लिहा.

प्रतिसाद

देऊ नका. अर्धा डोसही नको. तुमची भीती अगदी खरी आहे.

गिनी पिगचं पचन कुत्र्या-मांजरासारखं नसतं. गवतातला चोथा त्यांच्या सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणूंकडून आंबवला जातो. त्या जिवाणूंवरच त्यांचं पोट चालतं, आणि त्यात ग्रॅम-पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंचा भरणा असतो. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन नेमके त्यांनाच मारतात. मोकळ्या झालेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखे जिवाणू बेसुमार वाढतात आणि त्यांच्या विषाने आतड्याला सूज येते. जुलाब, पोटफुगी, अंग थंड पडणं, आणि बऱ्याचदा काही दिवसांतच मृत्यू. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडल्याने धोका कमी होत नाही. प्रोबायोटिकनेही हे थांबेल असं धरून चालू नका.

क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि तोंडावाटे दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन्सही याच धोक्याच्या यादीत येतात. जखमेवर लावायच्या मलमाकडेही लक्ष ठेवा, कारण हे प्राणी अंग चाटतात आणि मलम पोटात जातं.

रात्रीबद्दल: भुरी तोंड मिटून श्वास घेत असेल आणि थोडं का होईना खात असेल, तर सकाळपर्यंत थांबण्यापेक्षा हे औषध देण्यात जास्त धोका आहे. पण ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली, प्रत्येक श्वासाला पोट आत-बाहेर जोरात हलायला लागलं, हिरड्या निळसर दिसल्या किंवा खाणं पूर्ण सुटलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्री जे पशुवैद्य उपलब्ध असतील त्यांच्याकडे न्या, आणि औषध लिहिण्याआधीच "हा गिनी पिग आहे" हे ठासून सांगा.

प्रतिसाद

मला वाटतं आपण डॉक्टरांपेक्षा शहाणं होऊ नये. माझ्या सशाला दातामुळे गळू झालं होतं तेव्हा पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली होती आणि तो ठणठणीत बरा झाला. अर्धवट वाचून औषध थांबवलं तर संसर्ग हाताबाहेर जाईल.

प्रतिसाद

तुमचा ससा बरा झाला हे छानच. सशांना पेनिसिलिन इंजेक्शनने देतात, तोंडावाटे नाही, कारण त्यांच्याही पोटाला तोच धोका असतो. पण सशाचा हा अनुभव गिनी पिगला लावता येत नाही. १९४३ साली, पेनिसिलिन नवीन होतं तेव्हाच, गिनी पिगना त्याची इंजेक्शनं दिल्यावर ते मरतात असं नोंदवलं गेलं होतं. पेनिसिलिन संसर्गातून जीव वाचवतं हे दाखवणारा ऑक्सफर्डमधला मे १९४० चा गाजलेला प्रयोग उंदरांवर झाला. तिथे गिनी पिग वापरले असते तर ते औषध विषारी म्हणून कदाचित बाजूलाच पडलं असतं. म्हणजे ही गोष्ट ऐंशी वर्षांपासून माहीत आहे, आणि लहान प्राण्यांवर नेहमी उपचार करणाऱ्यांना ती विचारावीही लागत नाही. ज्यांच्याकडे गिनी पिग क्वचितच येतो त्यांच्या हातून ती निसटू शकते.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत आहे. अँटिबायोटिक नकोच असं कोणी समजू नये. घरघर ऐकू येते म्हणजे औषध लागणारच. गिनी पिगमधला न्यूमोनिया बहुतेकदा बोर्डेटेला किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूंमुळे होतो आणि झपाट्याने वाढतो. प्रश्न फक्त कुठलं औषध, एवढाच आहे.

धागाकर्ती

खूप आभार. रात्र काढते. आत्ता मांडीवर बसून हळूहळू गवत खातेय, तोंड मिटलेलं आहे. सकाळी डॉक्टरांना काय म्हणू? त्यांना वाईट वाटू नये आणि तरी औषध बदललं जावं, असं कसं बोलायचं?

प्रतिसाद

सरळ विचारा. "डॉक्टर, अमॉक्सिसिलिन गिनी पिगच्या आतड्यातल्या जिवाणूंना घातक ठरतं असं वाचलं, म्हणून अजून दिलेलं नाही. त्याऐवजी एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देता येईल का?" चांगला डॉक्टर यावर रागावणार नाही, उलट पुस्तक उघडून बघेल. नाहीच पटलं तर लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या दुसऱ्या कुणाचं मत घ्या. त्यात अपमान कुणाचाच नाही.

गिनी पिगमध्ये साधारण वापरली जाणारी औषधं म्हणजे ही दोन, शिवाय डॉक्सिसायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल. एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या वयाच्या पिल्लांना शक्यतो टाळतात, सांध्यांच्या कूर्चेला त्रास होऊ शकतो म्हणून. तुमची भुरी मोठी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल मिळालं तर देताना हातमोजे घाला, ते माणसाच्या रक्तपेशींवर क्वचित पण गंभीर परिणाम करू शकतं. निवड आणि डोस डॉक्टरांनाच ठरवू दे. घरातली उरलेली बाटली काढून अंदाजाने काही देऊ नका. एकाच औषधाच्या दोन बाटल्यांत दर मिलिलिटरमागे औषधाचं प्रमाण वेगळं असतं, आणि ९०० ग्रॅमच्या जिवाला तेवढा फरक पुरेसा होतो.

धागाकर्ती

जाऊन आले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, आतल्या खोलीत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलले आणि औषध बदलून एन्रोफ्लॉक्सासिन दिलं. वजन करून डोस मिलिलिटरमध्ये लिहून दिला. पहिला डोस झाला, पण अर्धा तिने हनुवटीवर ओघळू दिला. फार कडू असावं. परत भरून देऊ का? आणि आता काय काय बघत राहू?

प्रतिसाद

बदलून घेतलंत हे फार बरं केलंत! सांडलेला डोस अंदाजाने पुन्हा भरू नका, किती पोटात गेलं ते आपल्याला कळत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढच्या वेळी तिला टॉवेलमध्ये गुंडाळा, सिरिंजचं टोक पुढच्या दातांच्या मागून गालाच्या बाजूने आत घाला आणि थेंबथेंब सोडा, प्रत्येक घोट गिळू द्या. घाई केली तर औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. दुधाच्या कुठल्याही पदार्थात औषध कालवू नका, त्यातल्या कॅल्शियममुळे एन्रोफ्लॉक्सासिन नीट शोषलं जात नाही, आणि दूध गिनी पिगला पचतही नाही.

सुरक्षित औषधांनीही भूक मंदावते, म्हणून रोज एकाच वेळी वजन करा. एका दिवसात ५० ग्रॅमहून जास्त उतरलं तर कळवा. लेंड्या बघा: लहान, कमी किंवा मऊ झाल्या तर लगेच फोन. दात करकर वाजवणं, पाठ कुबडी करून एका जागी बसणं ही वेदनेची खूण. बारा तास काहीच खाल्लं नाही तर ती आणीबाणी समजा. गवताची पूड पाण्यात भिजवून सिरिंजने भरवायची तयारी ठेवा, पण सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून पद्धत समजून घ्या. प्रोबायोटिक द्यायचं ठरलं तर औषधापासून दोन तास दूर.

आणि क जीवनसत्त्व. गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही. निरोगी असताना दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम, आजारात ५० पर्यंत लागतं. पाण्याच्या बाटलीत घालू नका, तिथे ते लवकर निकामी होतं. तोंडावाटे द्या, शिवाय ढोबळी मिरची.

घरघर थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. दोन-तीन दिवसांत काहीच फरक दिसला नाही तर छातीचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा. आज रात्रीचा डोस कसा गेला तेही इथे लिहा.