मदत हवी आहे : नेपाळमधल्या दिव्यांग मुलांच्या केंद्रात सेवेसाठी जायचंय, खरंच उपयोगी कसं पडावं?

नमस्कार मंडळी,

मी धुळ्याला फिजिओथेरपी शिकते, शेवटचं वर्ष. गाव चोपडा तालुक्यातलं. आमच्या वर्गातल्या काही जणांनी मिळून दोन आठवडे नेपाळला जायचं आणि तिथल्या दिव्यांग मुलांच्या केंद्रात काम करायचं ठरवलंय. कॉलेजने परवानगी दिली, एक मॅडम सोबत येणार आहेत. जायचं कुठे, यावर मात्र गाडी अडली आहे.

एका एजन्सीने पॅकेज पाठवलंय. काठमांडूतल्या 'विशेष मुलांच्या बालगृहात' आठवडाभर सेवा, मग पोखरा आणि चितवन, शेवटी प्रमाणपत्र. बालगृहाचं नाव विचारलं तर पैसे भरल्यावर कळवू म्हणाले. आम्ही काय शिकतोय, कितव्या वर्षाला आहोत, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. नेपाळमधली बालगृहं बहुतेक काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच आहेत आणि तिथल्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात, हे युनिसेफने सांगून झालंय. शिक्षणाच्या आशेने डोंगरातून पाठवलेली लेकरं पाहुण्यांपुढे उभी करायची आणि आम्ही फुगे-केक घेऊन जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

दुसरा पर्याय बनेपाचा. काठमांडूपासून पूर्वेला साधारण २५ किलोमीटरवर अपंग मुलांचं रुग्णालय आणि पुनर्वसन केंद्र आहे, १९८५ साली सुरू झालेलं. जन्मजात वाकड्या पायांवर, म्हणजे क्लबफूटवर, तिथे पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय हळूहळू सरळ करून, उपचार होतात आणि त्यांची फिरती शिबिरं लांबलांबच्या जिल्ह्यांत जातात. मला तिथेच जायचंय, त्याचं कारण सांगते.

आमच्या सातपुड्यातल्या धडगावकडे एका शिबिरात एक बाई दोन वर्षांचं बाळ घेऊन आली होती. बाळाचे पाय एकदा सरळ झालेले होते. दर आठवड्याला प्लास्टर, मग टाचेमागच्या शिरेवरची छोटी शस्त्रक्रिया, सगळं नीट पार पडलेलं. तरी पाय परत आत वळले होते. पट्टीला जोडलेले बूट तिने पिशवीतून काढून दाखवले, अगदी कोरे, तळवासुद्धा मळलेला नव्हता. रात्री लेकरू रडतं, सासू म्हणते काढ, आणि ग्रहणात वाकडे झालेले पाय लाकडा-लोखंडाने कसे सरळ होतील, असं पाड्यावर सगळेच म्हणतात. ते बूट पहिले तीन महिने दिवसातले २३ तास आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे असतात. ते सुटले की पाय परत वळतो. म्हणजे प्लास्टर आपल्याकडेही होतं, नंतरची चार वर्षं त्या आईला धरून ठेवणारं कुणी नाही. नेपाळात तर सातपुड्याहून अवघड डोंगर आहेत. तिथे हे कसं सांभाळतात, मला बघायचंय.

आजी रोज विचारते, "इतलं दूर कसाले जाई ऱ्हायनी?" तिला मी हेच सांगते, शिकून धडगावलाच यायचंय.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. बनेपासारख्या ठिकाणी पत्र कसं लिहावं, म्हणजे आमचं ओझं होणार नाही? आमचं शिक्षण अपुरं आहे, मग मुलांना हात लावावा की नुसतं बघावं? मुलं दोन आठवड्यांत लळा लावतात आणि आपण निघून येतो, त्याचं काय करायचं? सोबत काय न्यावं? आणि भुसावळहून रेल्वेने कसं जावं? विमान परवडणार नाही.

आगाऊ धन्यवाद.

तापीकाठ : प्रवासाचं सांगतो. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा ओलांडली की काठमांडूची बस. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही, त्यामुळे कुणाचं मतदार कार्ड काढायचं राहिलं असेल तर आजच अर्ज करा. आपल्या १०० रुपयांना तिकडचे १६० मिळतात. दसैं आणि तिहारच्या दिवसांत जाऊ नका, म्हणजे आपला दसरा-दिवाळी. कामकाज थंडावलेलं असतं आणि बसला जागा मिळत नाही.

एरंडोलची शिक्षिका : बेटा, मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे पाहुणे आले की काय होतं ते रोज बघते. पत्रात 'आम्ही सेवा करू' असं लिहू नकोस. 'तुमच्या थेरपिस्टच्या हाताखाली सांगाल ते काम करू' असं लिही. कितवं वर्ष, काय येतं, काय येत नाही, सगळं स्पष्ट. कधी येऊ ते त्यांनाच ठरवू दे. हात लावायचा तो त्यांचा माणूस शेजारी असतानाच, कारण तू गेल्यावर त्या मुलाला तोच बघणार आहे. लळ्याचंही तेच. मुलाला कडेवर घेऊन फिरण्यापेक्षा त्याच्या आईशेजारी बस.

सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसलेलं, मूल जेवताना बघ. आई त्याला मांडीवर आडवं घेते, मान मागे पडते, वरणभात घशात अडकतो आणि ठसका लागतो. पाठ सरळ, मान मधोमध, हनुवटी जराशी खाली आणि घास समोरून, एवढ्याने फरक पडतो. पण तिथल्या थेरपिस्टने त्या मुलासाठी काय ठरवलंय, ते आधी विचार. खेळणी नेऊ नका. काय संपलंय ते विचारून काठमांडूतच विकत घ्या. फोटो नकोच. पोरं हसतात म्हणून आईबापाची परवानगी झाली असं होत नाही.

धागाकर्ती : ताई, तुमचा प्रतिसाद मॅडमना वाचून दाखवला. एजन्सीला नकार कळवतोय. तापीकाठ दादा, दोघांचं मतदार कार्ड नाहीये, आजच अर्ज भरायला लावते. पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकते, ताई, तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? आणि क्लबफूटच्या बुटांचा पाठपुरावा घरोघर कसा करतात, हे पहिल्याच पत्रात विचारलं तर चालेल की तिथे गेल्यावर विचारावं?