लांज्याचं घर: फरशी मार्गी, भिंत अडली. गणपतीआधी पुट्टी मारू का?

माजघर:
काम कुठवर आलं असं बरेच जण विचारताय, म्हणून एकदाच लिहिते. सासऱ्यांचं लांज्याजवळचं घर. भिंती चिऱ्याच्या (जांभा दगड), बांधकाम चुन्यातलं, पण मधल्या काळात कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा चढवलाय.

फरशीचं बरंचसं झालं. स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड, न्हाणीघरात खरखरीत सिरॅमिक. न्हाणीत बादली ओतून पाहिली. पाणी जाळीकडे पळतं, फक्त कमोडमागे वाटीभर साचतं. ती लादी उचलायला लावली. मिस्त्री कुरकुरला, पण उचलली. माजघरातली शहाबादी मात्र मी काढू दिली नाही. ठेकेदाराच्या मते ती गोठ्यासारखी दिसते. दिसू दे. त्यापायी स्वयंपाकघराची जमीन बोटभर वर आली आहे आणि मधल्या दारात ठेच लागते. सासूबाईंना नीट दिसत नाही, म्हणून तिथे कडाप्प्याची उतरती पट्टी बसवणार आहे.

खरं दुखणं माजघराची पश्चिमेची भिंत. कंबरेपर्यंत लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर क्षार फुटलेत. हात फिरवला की पांढरी पूड येते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. ठेकेदार म्हणतो, ओल रोखणारा प्रायमर आणि वर पुट्टीचे दोन हात, गणपतीला भिंत चकाचक. गणपती त्याच भिंतीशी बसतो. मारू का?

चिरेबंद:
अजिबात नको. चिरा पाणी पितो, जमिनीतली ओल वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जायची. सिमेंटमुळे कोंडते आणि क्षार घेऊन जिथे वाट मिळेल तिथे फुटते. पुट्टीने वाट आणखी बुजेल आणि पुढच्या पावसाळ्यात पुट्टीसकट सोलून निघेल. लोण्याच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढा, दर्जा (दगडांमधले सांधे) खरवडा, भिंत उघडी ठेवा. आता पावसात काही सुकणार नाही, नवा गिलावा चुन्याचाच आणि तोही उन्हाळ्यात. त्याआधी बाहेर बघा, जोत्याला माती चढली आहे का? पागोळ्या कुठे पडतात?

शिरवळकर:
ओल कुठून येते याची खात्री करायची तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला दिसले तर पाणी भिंतीतलं, खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतलं.
आणि एक. लाद्यांवरचे सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड काढेल. शहाबादीजवळ बाटली फिरकू देऊ नका. चुनखडीचा दगड आहे, फेस येईल आणि पॉलिश कायमचं जाईल.

हौशी_जावई:
गणपतीमागे मखर असतंच ना? भिंत बघायला कोण येतंय! आमच्याकडे दरवर्षी आरतीपेक्षा उकडीच्या मोदकांकडे जास्त लक्ष असतं.

माजघर:
जावईबापू, आमच्याकडे आत्या येतात. त्या मखरामागेसुद्धा बघतात.

सासऱ्यांना फोन केला. पश्चिमेची पन्हळ गेल्या वादळात मोडली, तेव्हापासून सगळं पाणी जोत्यावरच पडतंय. माती तर अंगणातून उंबऱ्याच्या वर आली आहे. म्हणजे आधी पन्हळ, मग माती उपसून बाहेरून चर. प्लास्टिक उद्या लावते. पुट्टी बाद, ठेकेदाराला बिलातून वजा करायला सांगितलं. ॲसिडची बाटली तर खरंच पडवीत होती, ती उचलून ठेवली.

चिरेबंद, चुना कसला घेऊ? चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आणून घरी पाण्यात विरवायची, की पोत्यातला चालेल?

चिरेबंद:
चुनकळी मिळाली तर तीच. पण विरवताना पाणी उकळून उडतं, डोळ्यांना चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा. विरल्यावर पाण्याखाली ठेवून द्या, जितका मुरेल तितका चांगला. तुमच्याकडे उन्हाळ्यापर्यंत वेळ आहेच. पोत्यातला घेतलात तर ताजा बघून घ्या, हवा लागलेला चुना धरत नाही. आणि गवंडी जुना शोधा. आजकालच्या पोरांना चुना दिला की त्यात ते गुपचूप सिमेंट कालवतात.

माजघर:
राजापूर-लांजा भागात चुन्याचं काम येणारा गवंडी कोणाच्या माहितीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. दर इथे लिहू नका, आमचा ठेकेदारही हे वाचतो.